कारल्यांची बोहनी

पोरांना कमी पैशात बाहेर कसं फिरवावं, हे माझ्या बापाइतकं वाशीममध्ये कुणाला कळलं नसेल. मी ज्या शाळेत शिकवतो तिथले पालक मला विचारतात, मास्तर, सुटीत पोरांना कुठे न्यावं? मी म्हणतो, तळ्यावर न्या. बाप काय म्हणाला असता ते सांगत नाही.

बापाच्या लेखी गावात पाहण्यासारखं पुष्कळ होतं आणि सगळं फुकट होतं. तो आम्हा भावंडांना कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली बसवायचा. बेड्या घातलेले कैदी आत नेताना दाखवायचा आणि यातला कोण रडेल ते ओळखा म्हणायचा. कधी कोंडवाड्यावर न्यायचा. आपली म्हैस सोडवायला आलेली म्हातारी शिपायाच्या पाया पडते आहे आणि आम्ही भिंतीवर बसून घरची भाकर खातो आहोत, ही आमची सहल. परतताना तो विचारायचा, "पाह्यलं ना? एक छदाम गेला का?"

बाप चांगला होता असं माझ्याकडून कुणी लिहून घेऊ नये. माझ्या कॉलेजची फी त्यानं भरली, तेही मी नाकारत नाही. आमच्या कुळात माझ्याआधी कुणाला नीट सही करता येत नव्हती आणि मी बी. ए. झालो. हे मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवतो.

गावाला लागून आमचा भाजीचा मळा होता. बाजाराच्या दिवशी प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली पाटी. बापाचा कायदा असा, की ज्याची पाटी संध्याकाळच्या गाडीआधी रिकामी होईल त्याला तो ठेसनावर आगगाडी दाखवायला नेईल. बाकीच्यांनी उरलेल्या मालापाशी बसायचं. आम्ही जीव तोडून ओरडायचो, माल खपायचा आणि सहलीला खर्च शून्य.

पाट्या मात्र तोच वाटायचा. मी धाकटा म्हणून मला सांबार, म्हणजे कोथिंबीर. ती दुपारीच संपायची. भावाला वांगी. मोठ्या बहिणीला कारली. कारलं कुणी घाईनं घेत नाही. बाया उचलतात, नखानं टोचतात, परत टाकतात. त्यामुळे मी गाडी इतक्यांदा पाहिली की डबे ओळखू लागलो होतो आणि बहिणीनं मळ्यात ऐकू येणाऱ्या शिट्टीपलीकडे काही अनुभवलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं होतं, केनवडकडच्या एका खेड्यात. तिथे शिट्टीही नव्हती. लग्नाआधी एकदा गाडी पाहायची, एवढंच तिच्या मनात होतं. मायजवळ ती ते बोलली. माय म्हणाली, "बाबाले म्हन."

एका सकाळी पाट्या भरताना ती म्हणालीच, "बाबा, आज मले सांबार द्या."

"तुले सांबार कायले वो? तुह्या तोंडाले कारलंच शोभते."

आम्ही सगळे हसलो. तिनं पाटी डोक्यावर घेतली.

बाजारात माळ्यांचा एक नेम असतो. दिवसाची पहिली विक्री म्हणजे बोहनी. बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, ते म्हणेल तो भाव घ्यायचा आणि नाणं कपाळाला लावायचं. एकदा कपाळाला लागलेलं नाणं परत दिलं तर वर्षभर धंदा बसतो असं मानतात. म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाला शहाणा माणूस मूठभर माल देतो आणि मोकळा होतो. बाप हा नेम देवासारखा पाळायचा.

त्या दिवशी बहिणीसमोर पहिला उभा राहिला तो कचेरीतला एक शिपाई, थट्टेखोर माणूस. पायानं पाटी हलवत म्हणाला, "काय वो पोरी, सगळी पाटी एका ढब्बूत देतं का?"

"घ्या."

"काय घ्या?"

"सगळी. बोहनी हाये. टाका ढब्बू."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आपलीच थट्टा होते आहे का म्हणून. मग ढब्बू, म्हणजे तांब्याचा जाड दुपैसा, टाकला. तिनं तो कपाळाला लावला आणि त्याच्या शेल्यात पाटी पालथी केली. बाजार अजून पुरता भरलाही नव्हता.

शेजारचा माळी ओरडला, "काय गा, तुह्या पोरीनं तं दुकानच उठोलं!"

बाप आला. रिकाम्या पाटीकडे पाहून म्हणाला, "कितीले देल्ली?"

"ढब्बूले."

"काहून?"

"बोहनी होती. गिऱ्हाईक वापस जाऊ द्याचं नाई, तुमीच सांगतलं. आन पाटी रिकामी झाली, बाबा."

भोवती सगळे माळी कान देऊन होते. शिपायाला हाक मारून ढब्बू परत करणं बापाला शक्य नव्हतं आणि आपणच केलेला कायदा चारचौघांत मोडणंही शक्य नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, "बराबर हाये. चाल ठेसनावर. आज सगळेच चाला."

संध्याकाळी सगळ्यांच्या रिकाम्या पाट्या एकात एक घालून तिच्या डोक्यावर दिल्या. ती जवळजवळ पळत होती. तारेच्या कुंपणाशी पोचल्यावर तिनं पाट्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हातांनी तार धरली. सिग्नल पडला. तेव्हा बाप म्हणाला, "पाठ कर तिकडे. बस खाली. मुंडी गाडीकडं वयवली तं लग्नापावतर घराबाहेर पाऊल टाकू देनार नाई." आणि आम्हाला म्हणाला, "ध्यान ठेवा रे, वयवते का."

ती बसली. गाडी आली. तिच्या पदरावर कोळशाचे कण पडत होते. भाऊ मुद्दाम तिच्या कानाशी वाकून ओरडत होता, "इंजनाचे चाकं पाह्य केवढे! आगवाला पाह्य!" ती रस्त्याकडे पाहत राहिली.

डबा आमच्यासमोर थांबला. खिडकीतल्या एका बाईनं विचारलं, "अवो दादा, त्या पोरीले तसं काहून बसोलं?"

बाप ओशाळला. म्हणाला, "गाडीले भेते थे."

"भेऊ नको वो माय, खात नाई गाडी!" बाई म्हणाली. सगळा डबा हसला. खिडक्यांतून तोंडं बाहेर आली.

"पाह्य आता," बाप हळूच म्हणाला. "लोक हासून राह्यले. वयव मुंडी."

"नाई."

त्यानं वाकून तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि गाडीकडे फिरवलं. तिनं डोळे मिटून घेतले. तो अंगठ्यानं पापण्या उघडू पाहत होता, ती आणखी घट्ट मिटत होती आणि डब्यातले लोक म्हणत होते, केवढी भित्री! गाडी सुटून शेवटचा डबा जाईपर्यंत त्यानं तिचं तोंड सोडलं नाही.

मग तिनं डोळे उघडले, रूळ पाहिले आणि पाट्या उचलल्या.

लग्नात बापानं हा किस्सा व्याह्यांना सांगितला. खरा नाही, डब्यातल्या बाईला सांगितला होता तो. पोरगी आगगाडीला भिते. पंगत हसली. सासरी तिचं तेच नाव पडलं आणि भित्री म्हणून तिला कधी कुणी गाडीनं कुठे नेलं नाही.

मी बी. ए. होऊन आलो तेव्हा घरचे सगळे ठेसनावर आले होते. मेव्हणे एकटेच होते. मी विचारलं, बहीण कुठे?

"थे भेते ना गाडीले. गाडीत ठेवली बैलाच्या, तिकडं झाडाखाली."

मी सगळ्यांदेखत म्हणालो, ती भीत नाही.

"तुमच्या बाबानंच तं सांगतलं," मेव्हणे म्हणाले.

बाप हार घेऊन उभा होता. त्यानं तो माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "भेतेच थे. लहानपनापासून."