सुमनचं गाणं

पांढुर्ण्याला उतरले तेव्हा माझ्याकडे एक रेकॉर्डर, दोन पेनं आणि संमतिपत्राच्या वीस प्रती होत्या. पुण्यात मी तेव्हा सांस्कृतिक वारशाचा अभ्यास करत होते. गावात जाऊन कामाची गाणी नोंदवल्याशिवाय आम्हाला पदवी मिळणार नव्हती.

राज्याच्या सीमेपलीकडचं स्टेशन: पाट्या हिंदीत, बोलणं मराठीत. रिक्षावाल्याने विचारलं, "सर्वेवाल्या हाय का?" मी त्याला वारसा म्हणजे काय ते समजावलं. "म्हंजे सर्वेच," तो म्हणाला.

सौसरला मी चुकीच्या बसमध्ये बसले आणि तासभर उलट दिशेच्या संत्र्याच्या बागा पाहिल्या. मोहगावजवळच्या गावी पोचायला दुपार झाली.

साठीच्या मैनाबाई सुनेसोबत कापूस वेचत होत्या. कमरेला ओटी (कापूस टाकायची झोळी) तशीच ठेवून त्यांनी संमतिपत्रावर सावकाश पूर्ण नाव लिहिलं. मग धुऱ्यावर (बांधावर) बसून गाणं म्हटलं. आधी बोंडांचं होतं, मग सुमन नावाच्या मुलीचं झालं. सुनेचे हात थांबले. गाणं संपल्यावर मैनाबाईंनी सांगितलं: सुमन त्यांची मुलगी, नवव्या वर्षी तापाने गेलेली. गाणं त्यांनीच रचलेलं. घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"हे आता कुठी जाते?" त्यांनी विचारलं.

"विद्यापीठात. कुणालाही ऐकता येईल."

त्यांनी रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. "मंग पुसून टाक, पोरी."

"मावशी, तुम्ही सही केली आहे." वर्गात हे उत्तर बरोबर ठरलं असतं.

"केली ना. गानं म्हनाच्या आंधी केली."

माझ्याकडे दुसरं गाणं नव्हतं आणि संध्याकाळी परतायचं होतं. तरी मी पुसलं. त्यांनी रेकॉर्डर कानाला लावून बराच वेळ शांतता ऐकली, मग सुनेलाही ऐकवली.

"चाल, आता जेवून घे."

भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. जेवताना सुनेने हळूच विचारलं, "आत्याबाई, सुमनताई दिसाले कशा होत्या?"

मैनाबाई सांगत राहिल्या. भाकरी हातातच राहिली. मी काही लिहून घेतलं नाही.

पुण्यात सरांनी अहवाल चाळला. "गाणं कुठे आहे?"

"तिथेच आहे," मी म्हणाले.

काठावर पास झाले. आता गाणी नोंदवायच्या नोकरीत मी गावोगाव फिरते. आधी ऐकते, सही नंतर मागते. मैनाबाईंच्या गाण्याची चाल मात्र मला पाठ झाली आहे. ती पुसायला त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.