धुक्यातून मागितलेली दोरी

मी लीड्सला रेडिओलॉजिस्ट आहे. स्कॅनवर जे दिसतं तेवढंच लिहायचं, हे माझं काम. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा करायला उठणारा माणूस... त्यामुळे हे लिहितानाही जरा अवघडल्यासारखं होतंय.

गेल्या जुलैत मी आणि माझी बायको मंजिरी आमची छोटी सेलबोट घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर होतो. घाई नाही, प्लॅन नाही. आवडेल त्या खाडीत नांगर टाकायचा, पोहे करायचे, पुस्तक घेऊन लोळायचं. त्या दुपारी आर्डनामर्कनच्या उत्तरेला थांबलो होतो. तिन्ही बाजूंनी डोंगर — एक घर नाही, दुसरी बोट नाही. पाणी इतकं शांत, की नांगराची साखळी खोलवर दिसत होती.

मंजिरी डिंगी, म्हणजे बोटीसोबतची छोटी होडी, वल्हवत किनाऱ्यावर पाय मोकळे करायला गेली आणि समुद्राकडून धुकं आलं. बघता बघता किनारा दिसेनासा झाला. तिचा फोन बोटीवरच चार्जिंगला होता. आवाजाच्या रोखाने तिला येता यावं म्हणून मी डेकवर उभा राहून पातेलं वाजवायला लागलो.

थोड्या वेळाने वल्ह्यांचा आवाज आला. हायसं वाटलं. बोटीला काहीतरी हलकेच टेकल्याचं पायाखाली जाणवलं. दिसत मात्र काहीच नव्हतं.

"अहो, दोरी टाका," बाईचा आवाज आला.

मी टाकली. खालून कुणीतरी ती धरली, ताणली. आणि मग माझ्या लक्षात आलं... मंजिरी मला कॉलेजपासून 'अरे' म्हणते. 'अहो' कधीच नाही.

"किती वेळ लावलात," तो आवाज म्हणाला. रागाने नाही. वाट पाहून थकलेलं माणूस बोलतं ना, तसं.

पुढचं मला आठवत नाही. "निखिल! निखिल!" अशा मंजिरीच्या हाकांनी भानावर आलो. हाका किनाऱ्यावरून येत होत्या. मी बोटीच्या मागच्या शिडीवर, कमरेपर्यंत पाण्यात उभा होतो. अंगातलं लाइफजॅकेट डेकवर नीट काढून ठेवलेलं. दोरी पाण्यावर सैल पडलेली.

धुकं विरल्यावर मंजिरी आली. तोवर तिने डिंगी वाळूवरून हलवलीच नव्हती. तिने मला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि मी काही सांगायच्या आधीच विचारलं, "बोटीवर कोण आलं होतं रे?"

तिला किनाऱ्यावर बाईचा आवाज ऐकू गेला होता. शब्द कळले नाहीत, पण कुणीतरी सोबतीला आहे म्हणून ती निवांत बसून राहिली होती.

"मग तुझा आवाज आला," ती म्हणाली. "तू म्हणालास, 'आलो, आलो.' ते ऐकून मला कसंतरीच झालं, म्हणून हाका मारत सुटले."

आम्ही लगेच नांगर उचलला. डोंगरांमुळे आवाज फसवतात, थंडीने मेंदू गोंधळतो — सगळं वाचून झालं. पण एकच भास दोघांना, आणि तोही इतक्या अंतरावरून?

मंजिरी म्हणते, मी ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं बोललो. मला तर तोंड उघडल्याचंही आठवत नाही.