बिनछापाचं गानं

अख्ख्या सातारा जिल्ह्यात माझ्यासारखं गानं जुळवनारा दुसरा मानूस न्हाई. हे आजवर म्या एकट्यानंच म्हटलंय. दुसरं कोन म्हनतंय का म्हनून कान टवकारून बसलो, त्यात वीस वर्सं गेली.

गाव आमचं खंडाळ्याजवळचं. दुष्काळ सरून पावसानं पुन्यांदा तोंड दावलं, त्या सालच्या पौषात मी मिरजंला निघालो. कारन माझी एकतारी फुटली. कुनी फोडली? मीच. घोंगड्याखाली ठेवली, इसरलो, आन वर बसलो. ती लग्नात सासऱ्यांनी दिलेली, म्हनून तेबी संगं निघालं. "तुमी एकलं गेलासा तर वाटंत परत बसशिला तिच्यावर," म्हनालं.

सासऱ्यांना मी मामा म्हनतो. मामा पलटनीतनं हवालदार हून आल्यालं. म्होट्या लढाईत त्यांची पलटन इटलीत हुती. त्यांच्याम्होरं मी अकरा वर्सं गानी म्हनतोय आन दर गान्याच्या शेवटाला माझी छाप घालतोय (छाप म्हंजी शेवटच्या कडव्यात करनाऱ्याचं नाव). 'दगडू म्हने' असं आलं की वळखायचं, गानं माझं. बैलाच्या पुठ्ठ्यावर डाग असतो तसं. समदी 'वा' म्हनत्यात, निदान च्या पाजल्यावर. मामा एकदाबी म्हनालं न्हाईत. गानं संपलं की इचारत्यात, "झालं व्हय?" त्या एका 'वा'त माझा जीव अडकलेला.

साताऱ्याच्या स्टँडवर गर्दी कशाची म्हनून बघितलं, तर मधी एक गोरा. दाढी, पायांत कोल्हापुरी, पाठीवर गिटार. "मिरज, मिरज," एवढंच म्हनत हुता. मामांनी त्याला गाव इचारलं, आन त्यानं सांगताच मामा इटलीच्या भाषेत बोलाय लागलं की वो! घरात दिवसाला चार शब्द बोलनारा मानूस. त्या गोऱ्यानं मामांना मिठीच मारली. मला अकरा वर्सांत नमस्काराच्या पुढं जाता आलं न्हवतं.

त्याचं नाव मार्को. तिकडं गानी करतो, सोताच म्हनतो. मिरजंला तंबोरे करत्यात ते ऐकून आला हुता. मामांनी त्याला शेजारी बसवलं. मला मागं, चाकावरची सीट.

कराडपतूर त्याचं बालपन झालं. तो सांगायचा, मामा मागं वळून मला मराठीत सांगायचं. बाप लढाईवर गेला तो आलाच न्हाई. आई डोंगरातल्या गावात पावाची भट्टी चालवायची. देवळात घंटा वाजवनारा एक म्हातारा हुता, त्यानं पोराच्या बोटांत गिटार घातली. मी म्हटलं, माझाबी बाप गेला लहानपनीच. मामा म्हनालं, "तुमचा मुंबईला गेला, जावईबापू, आन दर दिवाळीला येतो."

कराडच्या स्टँडवर भजी खाल्ली. आता गोऱ्याचं पानी बघू म्हनून म्या त्याच्याम्होरं हिरवी मिरची सारली. त्यानं काकडीवानी खाल्ली. त्याच्या मुलखातबी असली तिखट मिरची पिकती म्हनं. मग मला गप बसवंना, म्याबी एक चावली. इस्लामपूर आलं तरी माझ्या डोळ्यांचं पानी थांबलं न्हवतं, आन शेजारच्या म्हातारीला वाटलं कुनीतरी गेलं माझं.

त्या वाटंवर गोष्टीत त्याचं नाव झालं. शहरात खानावळीत गायचा. पयली रेकार्ड निघाली ती फकस्त आईनं घेतली, आन तिच्याकडं वाजवायचं येंत्रच न्हवतं. हे ऐकून मला लय बरं वाटलं. पन दुसरी रेकार्ड अशी चालली म्हनं, की न्हावी दाढी करताना ती गुनगुनायचं आन गिऱ्हाइकाला कापायचं. मग कंपनी म्हनाली, असलंच दर सालाला एक दे. त्यानं तीन सालं दिलं. एक दिवस हजार मानसांम्होरं गाताना त्याचं त्यालाच कळंना, ह्यातलं आपलं गानं कंचं. गिटार उचलली आन निघाला.

मला खरं सांगा, हजार मानसं सोडून कोन येतं? माझ्याम्होरं चाळीस बसली आन तीन उठली, तर मी त्या तिघांच्या घरापतूर गात जातो.

सांगली दिसाय लागल्यावर मार्कोनं माझ्याकडं बोट करून कायतरी इचारलं. मामांनी दोनच शब्दांत उत्तर दिलं. मी म्हटलं, "मामा, काय सांगितलंसा? गानी करतो म्हनून?"

"न्हाई. म्हटलं, जावई हाय."

मिरजंला तंबोरे करनाऱ्या बशीरचाचांचं दुकान म्हंजी आडव्या-उभ्या टांगलेल्या भोपळ्यांचं जंगल. चाचा एकेका भोपळ्यावर बोट मारायचं, कान लावायचं, आन नापास झाला की मागं सारायचं. माझी एकतारी बघून म्हनालं, "हिच्यावर बैल बसला काय रं?" मामांनी नुस्तं माझ्याकडं बघितलं.

मार्कोच्या तंबोऱ्याला म्हयने लागनार हुतं. चाचा म्हनालं, गळा कसा हाय ते ऐकल्याबिगर मी भोपळा निवडत न्हाई. म्हनून मार्को गायला. भुश्शाच्या ढिगावर बसून, डोळे मिटून, सावकाश. शब्द मला एक कळला न्हाई. पन चाल अशी, की आपल्याच दारात आपल्याला कुनी हळू हाक मारावी. रंधा मारनारं कारागीर थांबलं.

मामा रडत हुतं. पटक्याच्या शेवानं डोळं पुसलं, आन म्हनालं, "वा."

मी वर भोपळ्यांकडं बघत बसलो. एखादा डोक्यात पडला असता तर बरं झालं असतं.

मग मामांनी गान्याचा अर्थ सांगितला. लढाईत कुठल्या कुठल्या मुलखाचं सावळं शिपाई त्या गावातनं जायाचं. मार्कोची आई भट्टीतनं निघालेली ऊन भाकर त्यांच्या हातावर ठेवायची. एकानं बदल्यात कोटाचं पितळी बटन काढून दिलं. तिनं ते पोराच्या सदऱ्याला शिवलं. एवढंच गानं.

"म्याबी खाल्लीय असली भाकर," मामा म्हनालं. "ह्याच्या गावात न्हवं, डोंगराच्या पल्याड. बाईनं माझं नाव इचारलं न्हाई, म्या तिचं इचारलं न्हाई."

म्या इचारलं, "पन मामा, ह्यात ह्याची छाप कुठं हाय?" मामांनी त्याला इचारलं. मार्को हसला. म्हनाला, नाव रेकार्डीच्या खोक्यावर असतं. गान्यात आई हाय, मी कशाला पायजे?

झालं. माझ्या डोक्यात तिथंच किडा शिरला. डाग नसलेला बैल वाटंला चरतोय, म्हंजी बेवारशी!

चाचांनी दोन दिवसांत एकतारी नीट केली. मार्को तिथंच ऱ्हायला. निघताना त्यानं मलाबी मिठी मारली, आन माझ्या मनात त्याचीच चाल चालू हुती.

येताना आटपाडीला मामांच्या बहिनीकडं मुक्काम केला. तिनं हुलग्याचं माडगं (कुळथाची पातळ पेज) दिलं. ते पिऊन मी सकाळी माळावर गेलो, मेंढरांत बसलो आन चालीवर शब्द बसवलं. त्या आईच्या जागी यमाई, भाकरीच्या जागी निवद, बटनाच्या जागी खन. मेंढरं चरायची थांबून बघाय लागली. मला वाटलं, गुन कळला ह्यांना. कळपाचा धनी वरडला, "आरं गड्या, वाट सोड की! पान्याला चाललीत ती."

औंधला यात्रा हुती. डोंगरावर यमाईच्या पायऱ्यांला मानूसच मानूस. मामांचा नारळ वाढवून झाला. तवा मी मधल्या पायरीवर उभा ऱ्हायलो, एकतारी धरली आन सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला चढनारी मानसं थांबली. तिसऱ्याला बायांनी पदर डोळ्याला लावला. शेवटाला म्या छाप घातली, 'दगडू म्हने', दनक्यात. "वा!" असा गलका उठला, कुनीतरी गुलाबी फेटा माझ्या डोक्याला गुंडाळला. वीस वर्सं ज्याची वाट बघितली ते समदं झालं.

आन खरं सांगतो, एकेक 'वा' माझ्या कानाजवळ यायचा आन वळसा घालून मिरजंला जायाचा. फेटा माझ्या डोक्यावर, आन मी जळत हुतो त्या ढिगावर बसलेल्या मानसावरच.

मामा खालच्या पायरीवर बसलेलं, कोटाच्या बटनावरनं अंगठा फिरवत. मी जवळ गेलो. वाटलं, आता म्हनत्याल. वा न्हाई तर न्हाई, निदान "झालं व्हय?" तरी. त्यांनी तेबी इचारलं न्हाई. उठलं आन पायऱ्या उतराय लागलं.

खंडाळ्यापतूर एसटीत आमच्या मधी एकतारी हुती. मी फेटा सोडला न्हाई, सोडला तर मामांना काय वाटंल म्हनून. आन ठेवलाबी लाजत, ठेवला तर काय वाटंल म्हनून. घाटात दोनदा वकलो, फेटा संभाळत. एवढा मुलूख फिरून कळलं ते एवढंच, की मला गानं नको हुतं. मला त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यातलं पानी पायजे हुतं, आन ते काय चालीसंगं उचलून आनता येत न्हाई.

दारात बायको उभी, हौसा. फेटा बघून तिचं तोंड फुललं. गावात बातमी आमच्या आधी आली हुती. बापाच्या पाया पडत म्हनाली, "आबा, ह्यांनी औंधात लय भारी गानं म्हटलं म्हनं?"

मामांनी वहाना काढल्या, पायावर पानी घेतलं, आन माझ्याकडं न बघता म्हनालं, "गानं मिरजंला ऱ्हायलं, पोरी. ह्यांनी नुस्तं सोताचं नाव परत आनलंय."