खोड्यातून आधी जाणारे किशनमामा

किशनमामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मागून, आणि तेही वाकलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान बैलासारखी खाली घातलेली, धोतराचा काष्टा घट्ट खोचलेला आणि टोपी बाजूच्या पाइपावर काढून ठेवलेली. अशा थाटात ते जनावरांच्या खोड्यातून एकेक पाऊल पुढे सरकत होते. झरीच्या पुढच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यावर मी नवीनच रुजू झाले होते. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाचा तो माझा पहिला दिवस. सुया भरून तयार होत्या, निम्म्या गावाची गुरं रांगेत उभी होती आणि खोड्यात हे म्हातारबाबा. मी म्हटलं, आजोबा, बाहेर या, बैल आत घ्यायचाय. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"जरा दम धरा, म्याडम. आधी म्या जातो, मग बैल जाईल."

रांगेतल्या कुणीतरी मामांनाही एक सुई टोचून द्या म्हणून सुचवलं. सगळे हसले. मीही हसले, पण मनातून वैतागले होते, कारण ऊन चढत होतं आणि बर्फात ठेवलेल्या लसीची मला काळजी होती. मामा पुढच्या टोकाला पोचले, तिथे तसेच वाकून थोडा वेळ समोर बघत राहिले आणि मग म्हणाले, ती मोटारसायकल काढा. मोटारसायकल सरपंचांची होती. तिच्या आरशावरचं ऊन थेट खोड्याच्या तोंडात येत होतं, हे मला उभ्याने दिसलं नव्हतं. सरपंच कुरकुरले, पण गाडी हलवली. मामांनी टोपी घातली, कमरेला हात लावत सरळ झाले आणि म्हणाले, "लाईन किलेर. सोडा आता."

ज्यांनी खोडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. दवाखान्यापुढे लोखंडी पाइपांचा, एक जनावर जेमतेम मावेल असा सांगाडा रोवलेला असतो. जनावर आत घ्यायचं आणि पुढून-मागून आडवे पाइप सरकवायचे, की त्याला फारसं हलता येत नाही. मग सुई टोचा, तपासा, टाके घाला. आमच्या धंद्यात तेच आमचं टेबल आणि तीच आमची ढाल. एवढं असून त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पाइप उभे दिसले की खोडा चांगला, असा सरकारी आणि बिनसरकारी सगळ्यांचाच हिशोब.

मामांचा हिशोब वेगळा होता, कारण त्यांचं आयुष्य पूर्णा जंक्शनवर गेलं होतं. उभ्या गाडीच्या खाली वाकायचं, चाकांवर हातोडी मारायची आणि आवाजावरून लोखंडात तडा आहे का ते ओळखायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा हातोडीने ठोकायला गावात दुसरं काही नव्हतं, म्हणून खोड्यावर नजर गेली. त्यांना हे काम कुणी दिलं नव्हतं आणि काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. लसीकरण असो की एखाद्या गाईची तपासणी, मामा आधी हजर. पाइप ठोकून बघायचे, आडव्या दांड्या सरकवून बघायच्या, कुठे तार किंवा पत्र्याची धार वर आली असेल तर कानशीने घासायची, खाली शेण-मुताने निसरडं झालं असेल तर मुरूम आणून पसरायचा. जवळ आलेल्या माणसाच्या खांद्यावर उपरणं लोंबत असेल तर त्यालाच दूर हाकलायचं. आणि सगळ्यात शेवटी स्वतः बैल होऊन आतून जायचं.

गावाने त्यांची चेष्टा करायची हौस पुरेपूर भागवून घेतली होती. खोड्यापाशी उशीर झाला की कुणीतरी विचारायचं, आज गाडी लेट हाय का मामा? मामा गंभीरपणे उत्तर द्यायचे, "लेट चालंल. पर घसरली तर उचलायला तू येतो का?" मामींचं मत मात्र कडक होतं. त्या मला चहा देताना सांगायच्या, "आमच्या मोरीचं दार वरीसभर कुरकुर करायलंय, त्याला तेल घालायला ह्यांना फुरसत न्हाई. पर गावच्या बैलाला खरचटलं न्हाई पायजे." मामा बशीतला चहा फुंकत ऐकून घ्यायचे. बायकोपुढे बोलू नये एवढं तारतम्य रेल्वेने त्यांना दिलं होतं.

हे बैल होऊन आतून जाणं त्यांनी कुठून उचललं, असं मी मामींना एकदा विचारलं. मामा शेताकडे गेले होते. मामींनी दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. खोड्याची तपासणी मामांनी मोठ्या इतमामाने केली होती. पाइपन् पाइप ठोकला, सगळं मजबूत. मग सवयीप्रमाणे त्यांनी खोड्याच्या तोंडाशी हिरवी झेंडी बांधली. उभी जिंदगी गाडी अशीच सोडलेली. खोडा तयार आहे हे गावाला कळायला नको? पहिला बैल आला तो गयाबाईचा. गयाबाई मामांच्या गल्लीतलीच, नवरा नसलेली, थोडी कोरडवाहू जमीन आणि बाकी लोकांच्या रानात कापूस वेचणं. बैल आत शिरला, तिने कासऱ्याचा वेढा पुढच्या पाइपावरच्या आकड्याला घातला, तेवढ्यात वारा आला आणि बैलाच्या तोंडासमोर झेंडी फडफडली. बैल एकदम मागे सरला. कासरा ताणला गेला आणि गयाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं कासरा आणि आकड्याच्या मध्ये सापडली. परभणीला नेलं, पण बोटं राहिली नाहीत.

"तवापासून ह्यो मानूस बैल झालाय," मामी म्हणाल्या. "आन् गया आमच्याशी बोलत न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं."

हे ऐकल्यावर मामांच्या वाकण्याचं मला पुन्हा कधी हसू आलं नाही. रेल्वेचा डबा झेंडीला बुजत नाही, बैल बुजतो, एवढी एकच गोष्ट ते त्या दिवशी विसरले होते. पण त्यासाठी किंमत मोजली ती दुसरीने, आणि तीही कापूस वेचणाऱ्या हाताने.

पुढे दोन-तीन वर्षांनी गयाबाईच्या बैलाच्या शिंगात दुखणं निघालं. तोच बैल. तो सारखी मान झटकायचा, एक शिंग कलायला लागलं होतं आणि त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताचे थेंब यायचे. शिंगाचा कॅन्सर. शिंग बुडातून काढलं तर बैल वाचेल, नाहीतर दिवाळी बघणार नाही, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. तिच्याकडे तो एकच बैल होता, दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या बैलाशी जोडून तिची पेरणी व्हायची. ती ऑपरेशनला तयार होती, खोड्याला नव्हती. बैल म्हातारा होता, त्याला दोराने पाडून काम करायची जोखीम मला घ्यायची नव्हती. मी बरंच समजावलं. ती पदराखाली हात घेऊन ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, त्या खोड्यात माझं जनावर जायचं न्हाई, मग मेलं तरी चालंल.

मी हे मामांच्या कानावर घातलं. खरं सांगायचं तर ते तिची समजूत काढतील अशी आशा होती. संध्याकाळी मामा तिच्या दारात गेले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "गया, म्या हात लावत न्हाई. खोडा तू तपास. तू न्हाई म्हनलीस तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी गयाबाई आली. मामा लांब लिंबाखाली उभे होते. ती खोड्याभोवती फिरली. सकाळचं ऊन बैलाच्या डोळ्यांत येतं, काम दुपारनंतर करा, म्हणाली. मी मान डोलावली. मग ती पुढच्या पाइपापाशी येऊन थांबली. तिथे तो आकडा होता. मामांनी वर्षानुवर्षं तो ठोकून बघितला होता, कानशीने गुळगुळीत केला होता, दर पोळ्याला रंगवलाही होता.

"ह्यो अजून हितंच हाय," ती म्हणाली.

मामा नकळत पुढे आले. आकडा पक्का आहे, कधी हलायचा नाही, असं काहीतरी ते पुटपुटले.

"पक्का हाय म्हनूनच बोटं गेली, भाऊ. ढिला असता तर निसटून आला असता."

मामा आकड्याकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी दोष दिला तो झेंडीला आणि स्वतःच्या रेल्वेला. आकडा प्रत्येक तपासणीत पास होत आला होता. ते घरी गेले, लोखंड कापायची करवत घेऊन आले आणि खाली बसून तो आकडा कापायला लागले. गावातल्या पोरांनी मदत करतो म्हटलं तर त्यांना हाताने बाजूला सारलं. घामाने सदरा भिजला, डोळ्यांतून पाणीही येत होतं आणि ते पुसायला ते थांबत नव्हते. कापलेली जागा त्यांनी घासून सपाट केली. गयाबाईने त्या गोल पाइपाला कासरा बांधला, एका ओढीत सुटेल अशी गाठ मारली आणि दोनदा सोडून बघितली. मग बैल आत आणला.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी बांधून झाल्यावर बैल बाहेर काढायची वेळ आली, तेव्हा मामा तिच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "माफ कर म्हनायला तोंड न्हाई मला, गया."

"मग म्हनू नका," ती म्हणाली. "हात थंडीत ठनकतो, ते काय जायचं न्हाई. कासरा धरा. घरापातूर चला."

मामा बैल घेऊन पुढे आणि ती मागे, असे दोघे गेले.

मामा गेल्या वर्षी गेले. पूर्णेहून त्यांचे जुने सोबती आले होते. मी पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती आणि मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी आणून देतात आणि घरच्या माणसांना त्या कडू भाकरीचा घास खायला लावतात. भाकऱ्या बऱ्याच घरांतून आल्या होत्या, फडक्यांत बांधून ठेवलेल्या. मामी कुणाचं ऐकत नव्हत्या, घास घेत नव्हत्या. शेवटी मी एक फडकं सोडून त्यांच्यापुढे धरलं. मामींनी वरची भाकरी हातात घेतली आणि तिच्यावरून बोटं फिरवली. थापताना पिठावर उमटलेल्या बोटांच्या खुणा भाजल्यावरही तशाच राहिल्या होत्या, आणि त्या तीनच बोटांच्या होत्या.

"गयाची हाय," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी घास मोडला.