आडवी अक्षरं
बामचा वास आला की माझी मान आपोआप डावीकडं कलते आणि भोकरच्या सासरची एक दुपार आठवते. बैठकीत भुईमुगाच्या शेंगा पसरल्या होत्या, त्यांचा मातकट वास घरभर सुटला होता. धाकट्या दिराचा हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी लई रांगायला लागला होता. "जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकते," मी म्हटलं. तो हसला. "वहिनी, हे मिक्सर न्हाई, उघडलं अन् बसवलं." मला तेच झोंबलं. "बिघडलं तर घरातल्या एकाही मशीनला हात लावणार न्हाई," असं सांगून मी पेनड्राइव्ह खोचला. स्क्रीनवर अक्षरं उमटली, पण सगळी आडवी! "घालवलं ना!" दीर ओरडला. सासूबाई शेंगा सोडून बघायला आल्या. घालवलं काहीच नव्हतं. असल्या पीसीची स्क्रीन मुळात उभी बसवलेली, म्हणून नवी सिस्टीम पूर्ण बसेपर्यंत अक्षरं तशीच दिसणार होती. पीसी फिरवावा, तर पेनड्राइव्हची पिन ढिली. निसटली असती तर सगळंच मधे अडकलं असतं. मग मीच मान खांद्यावर टाकली आणि एकेक ओळ वाचत बसले. "राहू द्या वहिनी," त्याचं चालूच. "वाचून राहिले, गप बस." शेवटी स्क्रीन काळी झाली, उजळली, आणि अक्षरं सरळ उभी राहिली. सासूबाई परत शेंगांकडं वळल्या. संध्याकाळी त्यांनी माझ्या मानेला बाम तेवढा चोळून दिला. दीर अजून मित्रांना तो पीसी दाखवतो. "ह्याच्यात लिनक्स टाकून घेतलंय," एवढंच म्हणतो. कुणाकडून, ते मी बैठकीत येऊन सांगते.