लिंबाखालची दिल्ली, रुमालाखालचा हात

बाजारातून घरी आलो की धोतराच्या काठाला कुसळं लागलेली असतात. कधी लागली, कुठं लागली, सांगता येत नाही. ओट्यावर बसून एकेक काढावी लागतात. किश्शांचंही तसंच आहे. पन्नास वर्षं जनावरांच्या बाजारात दलाली केली. शाळा चौथीपर्यंत, आणि बोलणं सावकाश. माझं एक वाक्य पुरं होईस्तोवर लोक चहा पिऊन निघून जातात. म्हणून लिहून ठेवतोय. कागद उठून जात नाही.

बाजार नगर जिल्ह्यातलाच. नाव सांगत नाही, कारण माणसं ओळखू येतील. बाजाराच्या कडेला लिंबाचं झाड आहे. त्याखाली हौसाबाईचं चहाचं दुकान. तिथं आम्ही तिघं बसतो: मी, रिटायर कंडक्टर रंगनाथअण्णा आणि जनावरांचे व्यापारी इस्माईलभाई. दिल्लीचं सरकार आमच्या लिंबाखाली दर आठवड्याला पडतं आणि चहा संपायच्या आत परत उभं राहतं.

आमच्या धंद्याची एक रीत तेवढी सांगतो, मग पुढचं कळेल. जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा किंवा त्याचा दलाल आणि घेणारा रुमालाखाली हातात हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. आजूबाजूच्या वीस माणसांना काही कळत नाही. माझ्यासारख्या हळू बोलणाऱ्याचं पोट याच रीतीवर भरलं. माझी बोटं जिभेपेक्षा चपळ आहेत.

*

गेल्या वर्षीची गोष्ट. आमची सून सुनंदा चार म्हशी सांभाळते. मुलगा टेम्पोवर असतो, घरी कमी. त्यातली एक म्हैस तिनं पारडू असल्यापासून वाढवलेली. ती विकायला मी बाजारात नेली, सुनंदा दावं धरून सोबत आली. गिऱ्हाईक आलं, मी रुमालात हात घातला, सौदा झाला.

सुनंदानं विचारलं, "मामा, काय ठरलं?"

पन्नास वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, "ते रुमालाखालचं असतं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "म्हस माझी. दावं माझ्या हातात. आन् भाव मलाच ठाऊक न्हाई?"

मी लगेच सांगून टाकला. पण दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, भाकरी मऊ करून द्यायची, बोलायची मात्र नाही. तिसऱ्या दिवशी ताटासमोर बसली आणि म्हणाली, "मामा, तुमचे गुडगे आता बाजाराला साथ देत न्हाईत. तुमची दलालीची जागा मी चालवते. पन आदी माझी दुसरी म्हस मी सोता इकनार. बाजारात एका जरी गिऱ्हाइकानं माझ्यासंगं रुमालात हात घातला, तर जागा माझी. न्हाई घातला, तर मी परत नाव काढनार न्हाई."

मी "बरं" म्हणालो. हा एक शब्द मला लवकर म्हणता येतो.

*

ही बातमी लिंबाखाली पोचली त्या दिवशी रंगनाथअण्णा मोठ्या रंगात होते. दिल्लीत बायकांना तीनात एक जागा मिळणार यावर त्यांचं भाषण चाललं होतं. त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. हे आधीच व्हायला पाहिजे होतं, बाई शिकली, पुढं आली, देश सुधारला, असं बरंच. मी मध्येच सुनंदाचं सांगितलं. अण्णांनी गिलास खाली ठेवला. ते वेगळं, म्हणाले. दिल्लीत खुर्ची असते. इथं परक्या पुरुषाच्या हातात हात घालायचा. ते कसं दिसेल?

हौसाबाई गाळणं आपटत म्हणाली, "अण्णा, तुमची मंडळी कुठं हायती?"

"घरी."

"कदी आनली का त्यान्ला हितं चहाला?"

"ती कशाला येतीया बाजारात?"

हौसाबाईनं रिकामे गिलास गोळा केले आणि मोजले. "दिल्लीत तीनात एक म्हनता. हितं बारा गिलासात मी एकलीच बाई. ती बी उभी."

अण्णांनी दुसरा चहा घेतला नाही.

*

हल्ली निवडणूक आली की प्रत्येक पक्षाला बहीण आठवते. एकदा बाजारात भोंगा लावलेली गाडी आली. उतरलेल्या पोरांनी आम्हा म्हाताऱ्यांना सोडलं आणि थेट हौसाबाईला हात जोडले. ताई, तुमचा भाऊ उभा हाय, ध्यान ठेवा.

हौसाबाई म्हणाली, ठेवते. पण भावाला म्हणावं, बाजारात बायांसाठी एक संडास बांध. एका पोरानं वहीत काहीतरी लिहिलं.

गाडी गेल्यावर मी हौसाबाईला विचारलं, इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, "तुमी कदी इचारलं? सकाळपास्नं अख्ख्या बाजाराला चहा पाजते, तात्या. मी घोट पीत न्हाई. प्यायलं तर जायाचं कुठं?"

तीस वर्षं मी तिच्या हातचा चहा पितोय. तिला पिताना कधी बघितलं नव्हतं, आणि बघितलं नाही हेही कधी ध्यानात आलं नव्हतं.

संडास अजून झालेला नाही. हौसाबाई अजून विचारते. जी गाडी येईल तिला विचारते, झेंडा बघत नाही. मागच्या खेपेला तर एका गाडीनं लांबूनच तिला ओळखलं आणि दुसऱ्या वाटेनं काढता पाय घेतला!

*

रंगनाथअण्णा माणूस वाईट नाही. मोबाईल वाईट. त्यांच्या ग्रुपवर काय काय येतं, आणि आलं की वाचून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

एका बाजारी अण्णांनी त्यांची गाय विकायला आणली होती. इस्माईलभाईंना पसंत पडली. दोघांचे उजवे हात रुमालाखाली, सौदा रंगात. तेवढ्यात अण्णांच्या डाव्या हातातला मोबाईल वाजला. सवयीनं त्यांनी डोळ्यासमोर धरला आणि मोठ्यानं वाचायला लागले. मेसेज होता की देश वाचवायचा असेल तर अमक्या धर्माच्या लोकांशी कुणी व्यवहार करू नये. अर्ध्यावर आल्यावर त्यांना कळलं आपण काय वाचतोय आणि हात कुणाच्या हातात आहे.

अण्णा हात ओढून घ्यायला लागले.

इस्माईलभाई शांतपणे म्हणाले, "वाचा की अण्णा, पुरं वाचा. पन हात सोडू नका. भाव जमत आलाय."

गाय इस्माईलभाईंनीच नेली. अण्णा आता चहाला येताना मोबाईल खिशात ठेवतात. ग्रुपमधून बाहेर पडले का, ते मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडावरून वाटतं की पडले असावेत.

*

बाईचा हात रुमालात जाऊ नये म्हणतात, हे मी घरी आमच्या मंडळीला सांगितलं. सरूबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मत टाकताना माझा हात कुनी धरतं का?"

मी म्हणालो, त्याचं इथं काय?

इथं सांगायला पाहिजे की लग्न झाल्यापासून दर निवडणुकीला मी तिला चिन्ह सांगत आलो. घरी येताना विचारायचो, सांगितलं तेच ना? ती म्हणायची, व्हय. शिक्का होता तेव्हाही, बटन आलं तेव्हाही. येईल त्या पुढाऱ्याला मी छातीवर हात ठेवून सांगायचो, माझ्या घरात दोन मतं आहेत.

त्या दिवशी मला शंका आली. विचारलं, "तू मी सांगितलेलंच टाकत आलीस ना?"

सरूबाईनं एक खडा वेचून बाहेर टाकला. "तुमी रुमालातला भाव सांगता का कुनाला?"

मला हसू आलं. इतकी वर्षं मी सांगत होतो ते खरंच होतं. घरात दोन मतं होती.

*

आता सुनंदाचं.

पहिल्या बाजारी ती म्हैस घेऊन उभी राहिली. नवा पट्टा, शिंगांना तेल. मी दहा पावलांवर दगडावर बसलो. तसं ठरलंच होतं. गिऱ्हाईक आलं, कास बघितली, दात बघितले, विचारलं मालक कुठंय.

"मीच."

"तसं न्हाई. घरातलं मानूस कुठंय?"

"मी बी मानूसच हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी रुमालाची घडी घातली आणि मांडीखाली ठेवली. म्हैस तिची आहे, म्हणालो. तो गेला. दुसरा म्हणाला, तोंडानं बोला. सुनंदानं आकडा बोलून दाखवला, आणि भोवतीच्या माणसांनी लगेच म्हशीत खोडी काढायला सुरुवात केली. कुणाला शेपूट आखूड दिसली, कुणाला चाल वाकडी. उघड्यावर बोललेला भाव असाच खाली येतो. तिनं दावं सोडलं आणि म्हैस घरी आणली. जाऊन येऊन सहा कोस.

दुसऱ्या बाजारीही तेच. अण्णांना तिची कीव आली. मनापासून सांगितलं त्यांनी, सूनबाई, सासऱ्याला हात घालू दे, तू लांबून डोळ्यानं खुणव.

"अण्णा, दिल्लीतल्या बाया बी डोळ्यानंच खुनावनार का?"

मग इस्माईलभाई उठले, हात पुढं केला, बेटी, मी घेतो म्हणाले. सुनंदाचे डोळे भरले, पण हात मागंच राहिला. "चाचा, तुमी मायेनं घालाल. मला गिऱ्हाईक पायजे."

घरी परतताना मी म्हणालो, हा म्हातारा थकला, पुरे आता. ती म्हणाली, थकले असाल तर टेम्पोत बसा, मी म्हशीसंगं येते.

*

तिसऱ्या बाजारी काष्टीकडचा एक म्हातारा आला. तांबडा पटका, हातात काठी, माझ्याच वयाचा. म्हैस त्याला बघताक्षणी आवडली. दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला थांबला. सुनंदाला म्हणाला, "बाई, म्हस झ्याक हाय. पन मी बाईच्या हातात हात घालनार न्हाई. आता सत्तरीत रीत मोडू का?"

त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. सुनंदाही चिडली नाही.

"नका मोडू, बाबा. तुमच्या घरी धार कोन काढतं?"

"सून."

"वैरन, पानी, श्यान?"

"तीच की."

"मंग म्हस तिलाच घ्यायची हाय. तिला घिऊन या. मी थांबते."

लोक हसले. म्हातारा हसला नाही. काठी टेकत निघून गेला. आम्हाला वाटलं, संपलं. सुनंदानं म्हैस चौथ्यांदा आणायची म्हणून शिंगांना पुन्हा तेल लावलं.

चौथ्या बाजारी लिंबाजवळ एक टेम्पो थांबला. म्हातारा उतरला. मागून एक तिशीची बाई उतरली, पदर घट्ट खोचलेला. जनावरांच्या बाजारात पहिल्यांदाच आलेली दिसत होती, सारखी आजूबाजूला बघत होती. म्हशीजवळ आली आणि बघणं थांबलं. सडं दाबून बघितली, ओंजळीत चार धारा काढल्या, वास घेतला. म्हैस चालवली, फिरवली. मग कपाळावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. म्हातारा यातलं काहीच करत नव्हता, आधीही केलं नव्हतं.

मी उठलो. खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्या दोघींच्या हातांवर टाकला. पन्नास वर्षांचा रुमाल.

एरवी सौदा पान चघळून होईस्तोवर मिटतो. हा मिटेना. रुमाल हलायचा, थांबायचा, परत हलायचा. दोघी एकदा हसल्या. मग दोघींच्याही कपाळाला आठ्या पडल्या. सुनंदानं हात काढून घेतला, दुसरीनं तो परत ओढून आत नेला. भोवती सगळा बाजार गोळा झाला. इस्माईलभाई आपलं गिऱ्हाईक सोडून आले. अण्णा स्टुलावर उभे राहिले. हौसाबाईचा चहा उतू गेला, तीस वर्षांत पहिल्यांदा.

अखेर रुमाल खाली आला. दोघींनी मान हलवली. सुनंदानं दावं तिच्या हातात दिलं.

म्हाताऱ्यानं कोपरीच्या खिशात हात घातला आणि सुनेला विचारलं, "काय ठरलं?"

तिनं दावं मनगटाला गुंडाळलं, पदर सारखा केला.

"ते रुमालाखालचं असतं, मामा."