कोर्टाचा आदेश आणि गाडीचा स्टिकर

मंडळी, आज सकाळी चेन्नईच्या पेरुंगुडीतल्या आमच्या सोसायटीत घडलेलं सांगते.

शेजारच्या दीपाला नुकताच कोर्टाचा संरक्षण आदेश मिळालाय. मारहाण करणाऱ्या नवऱ्याने घराकडे फिरकायचं नाही. आज त्याची गाडी आली, गेटवरच्या मशीनने काचेवरचा सोसायटीचा स्टिकर वाचला आणि गेटचा दांडा आपोआप वर गेला. वॉचमनने सवयीने सलाम ठोकला. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

बेल वाजली. दीपाने दार न उघडता पोलिसांना बोलावलं. नवरा म्हणाला, "मी तिला हात तरी लावलाय का?"

पोलीस बाई तमिळमध्ये शांतपणे म्हणाल्या, "लावायची गरज नाही. इथे आलात, हाच गुन्हा." आणि त्याला घेऊन गेल्या.

मग आम्ही दोघी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. स्टिकर बंद करा म्हटलं.

"फ्लॅट मिस्टरांच्या नावावर आहे, अम्मा. त्यांची परवानगी लागेल."

दीपाने आदेशाची प्रत पुढे सरकवली. "कोर्टाला नाही लागली, सर."

स्टिकर बंद झाला. पण कोर्टाचा आदेश गेटपर्यंत पोचवणं हेही मार खाल्लेल्या बाईनेच करायचं का?